अर्लसाठी मंजूर झालेला पिंजरा

टेक्सासातल्या आमच्या पीकन क्रीक वसाहतीत गवत किती वाढावं, पडदे रस्त्यावरून कोणत्या रंगाचे दिसावेत आणि नाताळचे दिवे कधी उतरवावेत, याचे नियम आहेत. मोराबद्दल नियम नव्हता. ही गंभीर त्रुटी लोरेटा क्राउझबाईंच्या अर्ल नावाच्या मोराने उघडकीस आणली. वसाहतीच्या समितीच्या अध्यक्षा बेव्हर्ली यांच्या चकचकीत गाडीच्या दारात त्याला दुसरा मोर दिसला आणि त्याने त्याला चोचीने यथेच्छ बडवलं.

समितीने तातडीने ठराव केला. कुंपणाबाहेर जातो तो प्राणी वन्य, आणि वन्य प्राणी पिंजऱ्यातच हवा. नाहीतर त्याची रवानगी सरकारी प्राणी-केंद्रात.

"वन्य?" लोरेटाबाई कडाडल्या. "अगं बेव्हर्ली, माझ्या स्वयंपाकघरात वाढलाय तो! मक्याच्या पावाशिवाय न्याहारी करत नाही!"

"मिस लोरेटा, मला काय वाईट वाटत नाही? पण नियम म्हणजे नियम."

लोरेटाबाई घरात जाऊन रडल्या. त्यांचे यजमान वेंडेल यांनी मुकाट्याने परसात पिंजरा बांधला. काउंटीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, निरीक्षक डिलर्ड यांनी तो नामंजूर केला. पिंजरा प्राण्याच्या नैसर्गिक अधिवासाभोवती हवा, आणि अर्ल तर दिवसभर क्राउझांच्या छपरावर असतो.

"छपराखाली आम्ही राहतो," वेंडेल म्हणाले.

"त्याला काउंटीची हरकत नाही."

मग अख्ख्या घराभोवती जाळी चढली. तिला दुहेरी दार आलं, बाहेर 'हात आत घालू नये' अशी पाटी लागली. अर्ल हे सगळं बेव्हर्लीबाईंच्या छपरावर बसून आस्थेने बघत होता. वेंडेलनी आतून शेवटचा खिळा ठोकला तेव्हाही तो तिथेच होता, आणि नेमके तेव्हाच डिलर्डसाहेब तपासणीला आले.

लोरेटाबाई घरातून धावत जाळीपाशी आल्या. डिलर्डनी जाळीतून आत पाहिलं.

"आत दोघं. तब्येत ठीक. पाणी, खाणं, सावली आहे. पिंजरा मंजूर!"

"अन् तो मोर?" बेव्हर्लीबाईंनी आपल्या छपराकडे बोट दाखवलं.

"मॅडम, पिंजऱ्याबाहेरचा वन्य प्राणी म्हणजे निसर्ग. निसर्गाला हात लावायचा मला अधिकार नाही."

लोरेटाबाईंनी आनंदाच्या भरात जाळीतूनच डिलर्डसाहेबांना मक्याचा पाव दिला. बेव्हर्लीबाईंनी मात्र निसर्ग आवरण्यासाठी आपल्या घराला जाळी बसवली. पाठोपाठ सगळ्यांनीच बसवल्या, मीही बसवली. जाळीवाल्या घरांना भाव चांगला येतो म्हणे. रोज सकाळी अर्ल पिसारा मिरवत रस्त्यावरून फिरतो, दर घरापाशी थांबून आत डोकावतो आणि पुढे जातो.

हसा, खुशाल हसा. तुमच्या बाल्कनीला ती कबुतरांची जाळी आहे ना? आत कबुतरं किती आहेत, तेवढं मोजून सांगा.