दातांच्या दवाखान्यातले टेट्रा

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत फिशटँक बसवला आणि जाहीर करून टाकलं, "आता एकही पेशंट घाबरणार नाही. मासे बघितले की माणूस निवांत होतो."

खरं म्हणजे निवांत होण्याची गरज त्यांनाच होती. माणसं दारापर्यंत येत, आतल्या मशीनचा आवाज ऐकत आणि "आता थांबलं दुखायचं" म्हणून माघारी फिरत. सगळी भिस्त आत्यावर होती. तिचा शिवणाचा क्लास होता. तिनं भाच्याकडून दाढ नीट करून घेतली असती, तर अख्खा क्लास मागोमाग आला असता. पण आत्या गाल धरून दिवस काढत होती, भाच्याच्या वाटेला जात नव्हती.

फिशटँक मात्र देखणा होता. हिरव्यागार पाणवनस्पतींची दाटी, तळाची वाळू उकरत फिरणारे मिशीवाले मासे आणि मधून निळ्या-लाल रेघा मिरवत हिंडणारा निऑन टेट्रा माशांचा घोळका. डॉक्टरांनी आत्याला गळ घालून एके सकाळी सगळ्यात आधी बोलावलं.

रिसेप्शनवरच्या बाईंनी तिच्यासमोरच टँकचा दिवा लावला.

"अरे, हे तर पांढरेफटक पडलेत," आत्या म्हणाली. "रात्रभर इथेच असतात ना?"

"अगं, अंधारात त्यांचा रंग उतरतो. उजेडात येतो परत," डॉक्टर म्हणाले.

"माझाही बाहेर गेल्यावर येईल," म्हणत आत्या उठली.

डॉक्टरांनी तिला कसंबसं बसवलं. हळूहळू माशांवर रंग चढला, आत्याच्याही चेहऱ्यावर चढला. डॉक्टरांना हुरूप आला. आत जाऊन त्यांनी मशीन सुरू केलं आणि सगळे टेट्रा एका झटक्यात झाडांमागे गडप झाले.

"बघ. रोज ऐकणाऱ्यांची ही गत," आत्या म्हणाली.

"भिंत हादरते म्हणून गं. मशीन पलीकडेच आहे."

"मग त्या बिचाऱ्यांना भिंतीला कशाला टेकवलंस?" आत्या पिशवी उचलून चालती झाली.

डॉक्टरांना फार वाईट वाटलं, आत्याचं आणि माशांचंही. रविवारी त्यांनी टँक समोरच्या भिंतीशी हलवला. बादल्यांनी पाणी वाहून नेलं, एकेक रोप पुन्हा वाळूत खोचलं, मासे जपून सोडले.

"घर बदलताना माझ्या सामानाला इतकं जपलं नव्हतंस," मदतीला आलेली बायको म्हणाली.

आत्याला मिनतवाऱ्या करून पुन्हा आणलं. मशीन घरघरलं, मासे आपले निवांत फिरत राहिले. आत्यानं बराच वेळ पाहिलं.

"चल," ती म्हणाली.

दाढ नीट झाली, दुखलंही नाही. निघताना आत्या पुन्हा टँकपाशी थांबली. "त्यांच्यासाठी एवढं सगळं हलवलंस. क्लासमध्ये सांगायलाच हवं."

डॉक्टरांना आभाळ ठेंगणं झालं.

थोड्याच दिवसांत एका सकाळी बाहेरची खोली बायकांनी भरून गेली. डॉक्टर नवा एप्रन घालून बाहेर आले.

"या, पहिलं कोण?"

पहिलीनं काचेची बरणी पुढे केली. आत एक मरगळलेला टेट्रा होता.

"शिवणाच्या बाईंनी मासे आणले, ते बघून आम्ही सगळ्यांनीच पाळलेत. त्या म्हणाल्या, माशांचं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. हा कालपासून काही खात नाही हो."

"आणि दात?"

"दातांचं काही नाही. दात आमचे छान आहेत."

डॉक्टर बरणी घेऊन आत गेले. ती खुर्चीवर ठेवली, वरचा दिवा खाली ओढला आणि सवयीनं म्हणाले, "आ करा."