चुकलेली खाच

घानातल्या कुमासी शहरात आपल्या कारखान्यात बोआडीमामाने लोखंडी रूळ हातात फिरवून पाहिला आणि भाचीला विचारलं, "सेरवा, ही खाच मध्येच कुठे गेली?"

रुळाभोवती नागमोडी खाच हवी होती. रूळ फिरला की खाचेतली खुंटी वर-खाली होणार आणि तिच्यासोबत फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा चिकट गोळा, कुटायचं मुसळ. सेरवाने कॉम्प्युटरवर ती 'स्वीप'ने काढली होती: कटरच्या मापाचा चौकोन वाकड्या वाटेवरून ओढत न्यायचा, मागे खाच उरते. पडद्यावर ती लोण्यात बोट फिरवल्यासारखी दिसत होती. प्रत्यक्षात खाचेच्या चढांवर कापणाऱ्या मशीनने लोखंडाला हातही लावला नव्हता.

सेरवाने पडद्यात डोकं घातलं. "चुकलं माझं, मामा. चौकोन वाटेबरोबर वळायला हवा होता, मी तो सरळच ठेवला. झाडू न वळवता तिरकं चालत गेलं की पट्टा अरुंद पडतो ना, तसं. चढावर खाच चिंचोळी झाली, कटर आत शिरलंच नाही."

"म्हणजे अक्कल मशीनला आहे. आता डुफीमावशी येईल. तिला यंत्र पसंत पडलं तर तुझा कॉम्प्युटर राहील. नाहीतर तो विकून मी वेल्डिंगचं मशीन आणतो, आणि तू बस स्क्रू विकत."

नवा रूळ कापायला सवड नव्हती. मामा ग्राइंडर घेऊन बसला. कॉम्प्युटर शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने चढ मोकळे केले आणि त्याच भरात खाचेचे वरचे माथेही भरपूर घासून टाकले.

डुफीमावशीची फुफूची खानावळ होती. ती उखळापाशी बसली, हात ओला केला. यंत्र सुरू झालं. मुसळ आपटलं, वर गेलं आणि वरच थबकलं. घासलेल्या ऐसपैस माथ्यावर खुंटी रेंगाळत होती. सेरवाने डोळे मिटून घेतले.

मावशीने तेवढ्यात हात घातला, गोळा उलटला, हात काढला. मुसळ आपटलं.

"मागे एकाने यंत्र आणलं होतं," मावशी म्हणाली. "मेलं दमच घेईना. गोळा उलटायचा कधी, आणि बोटं सांभाळायची कधी? हे मुसळ मारणाऱ्या माझ्या सुनेसारखं थांबतं. वर बडबड नाही. आणखी तीन द्या, पण हुबेहूब असंच."

"मुद्दामच तसं ठेवलंय," मामा गंभीरपणे म्हणाला.

मावशी यंत्र सोबतच घेऊन गेली. सेरवा कॉम्प्युटरपुढे बसली. चौकोन वळवला की खाच निर्दोष, नाही वळवला की चिंचोळी. मुसळ थांबेल अशी काही केल्या निघेना.

"मामा, माथ्यावर किती घासलं होतंत?"

"मला काय ठाऊक? मी रागात होतो."

सेरवाने तसलेच चिंचोळ्या खाचेचे तीन रूळ काढून मामापुढे मांडले, ग्राइंडरची वायर लावली आणि जरा लांब उभी राहिली.

"मामा, मी नीट तपासलं. चित्र बरोबरच होतं. चूक तुमच्या मशीनची."

कॉम्प्युटर शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा पुन्हा उद्धार करत मामाने ग्राइंडर उचलला.