कुलूपकाकांची काळी डबी

ऑफिसात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. हेडक्लार्क होते, आणि कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत, मग जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. महिन्यापूर्वी त्यांच्या टेबलावरचा भलामोठा कॉम्प्युटर गेला आणि तिथे एक स्क्रीन आणि वहीएवढी काळी डबी आली. आता सगळ्यांची कामं दूरच्या एका मोठ्या मशीनवर राहतील, डबी ती फक्त दाखवेल, असं कॉम्प्युटर विभागाच्या बाईंनी तासभर समजावलं. काकांनी मान डोलावली. पटलं काडीचंही नाही.

शनिवारी ऑफिसात रंगारी येणार होते. सोमवारी अकराला वरच्या साहेबांपुढे वार्षिक अहवाल दाखवायचा होता आणि तो काकांनी तीन आठवडे खपून केला होता. असा ऐवज रंगाऱ्यांच्या भरवशावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शुक्रवारी त्यांनी डबी टॉवेलात गुंडाळून घरी नेली, हॉलमधल्या कपाटावर ठेवली आणि दोन दिवस निर्धास्त झोपले.

सोमवारी साडेदहाला ते टेबलाशी बसले आणि ताडकन उठले. डबी कपाटावरच राहिली होती. त्यांनी घाईघाईने बायकोला फोन लावला.

"अगं, हॉलमधल्या कपाटावर काळी डबी आहे. मागे वायर, पुढे बारका दिवा. टॅक्सी करून घेऊन ये."

"आत्ता? केस ओले आहेत माझे."

"राहू देत. आणि आडवीतिडवी धरू नकोस. आत बत्तीस वर्षांचं काम आहे."

मग साहेबांना सांगणं आलं. ऐकता ऐकता साहेबांचा चेहरा उतरला आणि त्यांनी बाईंना बोलावलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, डबीत काही नसतं हो. कुठल्याही टेबलावर बसा आणि तुमचं नाव, पासवर्ड टाका."

काका टायपिस्टच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. पासवर्ड टाकला आणि समोर त्यांचंच टेबल हजर झालं. अहवाल होता, फाइली होत्या, शुक्रवारी अर्धवट सोडलेला पत्त्यांचा डावही होता. काकांनी डाव झटकन बंद केला. अहवाल वेळेवर झाला, वरचे साहेब खूश होऊन गेले. काकांना आनंद झाला, पण लाजही तेवढीच वाटली.

तेवढ्यात दारात काकू उभ्या. केस ओले, दोन्ही हातांत टॉवेलाचं गाठोडं, अगदी सरळ धरलेलं.

"वाटेत गर्दी होती, त्यात ड्रायव्हरला दोनदा दम दिला, हळू चालव म्हणून," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उशीर नाही ना झाला?"

डबी रिकामी असते हे त्यांना कोण सांगणार? सगळं ऑफिस कागदांत डोकं घालून बसलं. साहेब मात्र उठून उभे राहिले.

"वहिनी, अगदी वेळेत आलात. आज तुमच्यामुळे निभावलं."

काकू फुलून गेल्या. बाईंनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, टॉवेल उघडला आणि पुन्हा झाकला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "ही आपली डबी नाही."

"असं कसं? कपाटावर दोन होत्या," काकू म्हणाल्या. "दिवा लागलेली हीच होती."

काका काही बोलणार, तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडे लेक होती. वर्षभर ती दुसऱ्या शहरातल्या कंपनीचं काम घरूनच करत होती.

"बाबा, मी आंघोळ, जेवण उरकून कामाला बसते तर माझं ऑफिसच बंद. आपली नेटची डबी कुणी नेली? माझी मीटिंग चालू झालीय."

"तुझी कामं गेली का गं सगळी?" काकांनी फोन कानाशी घट्ट दाबून विचारलं.

"कामं कुठे जातात? ती तिकडे मोठ्या मशीनवर आहेत. पण मला दिसणार कशी? आणि इथे कपाटावर तुमच्या ऑफिसची डबी काय करतेय?"

"आई निघालीच आहे," एवढंच म्हणून काकांनी फोन ठेवला. डबी पुन्हा टॉवेलात गुंडाळली, तीन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या आणि चौथी मारून गाठोडं बायकोच्या हातात दिलं.

"जपून ने," ते म्हणाले. "आडवीतिडवी धरू नकोस. आत पोरीचं ऑफिस आहे."