तांड्याचा समुद्रकिनारा

१९५६ साली आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात दाखल झाला, आणि यवतमाळ जिल्ह्यास समुद्र प्राप्त झाला. तो दोनशे कोसांवर होता, ही बाब केवळ भौगोलिक होती.

दोन वर्षांनी, ऐन चैत्रात, 'किनारा, लाटा व वन्यजीव मंडळ' नावाच्या कुठल्याशा मंडळाचा तक्ता आमच्या कचेरीत आला. परदेशी पाहुणे म्हणे फळीवर उभे राहून लाटांवरून घसरतात. त्यांच्यासाठी प्रत्येक तालुक्याने आपला किनारा, लाटांची उंची व तेथील राखीव वन्यप्राणी आठ दिवसांत कळवावेत, असा हुकूम होता. खाली तांबड्या शाईत टीप होती : 'निरंक' अहवाल स्वीकारले जाणार नाहीत. मी या कचेरीत कारकून. तांबड्या शाईशी वाद घालून बढती मिळवलेला माणूस एकोणीस वर्षांत मी तरी पाहिलेला नाही.

आमचे नायब तहसीलदार पांढरीपांडे साहेब म्हणाले, "वरच्यांनी आहे म्हटल्यावर नाही म्हणणारे आपण कोण? चला, शोधू."

शोधत शोधत आम्ही आर्णीकडच्या हिरासिंग नाईकाच्या तांड्यावर पोचलो. तांड्याखाली नदीचे पात्र, आणि पात्रात नजर पोचेल तिथवर वाळू. उन्हाळ्यात नदी आटली की तांड्याच्या बाया वाळूत खड्डा खणतात. त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी पाझरते, ते वाटीने घागरीत भरायचे. साठ घरे मृगापर्यंत त्या एका झिऱ्यावर जगत. नाईकाची बायको हंसाबाई तेव्हा तिथेच पाणी भरत होती.

साहेबांनी हिरासिंगला विचारले, "नाईक, समुद्राची काही माहिती?"

दारी आलेल्या माणसाला नुसते 'नाही' म्हणून वाटेला लावणे तांड्याच्या रीतीत बसत नाही. हिरासिंगने बराच वेळ डोके खाजवले. "मले तं नाई मालूम, साहेब. पन माया आजा समिंदराकाठून मीठ आनत होता. बैलाईवर लादून. शंभर बैल होते त्याचे!"

साहेबांचा चेहरा खुलला. "लिहा," ते मला म्हणाले. "सदर वस्तीचे समुद्राशी पिढीजात संबंध आहेत."

मी लिहिले.

"आणि लाटा?"

"आखाडात पूर आला का मोठ्ठ्या येतेत. मागल्या साली माही म्हैस गेली वाहून."

'लाटांची उंची : एक म्हैस वाहून जाईल इतकी.'

"कासव वगैरे दिसतं का?"

"लय सालात दिसलं नाई बा."

'कासवे दिसत नाहीत. यावरून ती वाळूखाली अंड्यांवर बसलेली असावीत.' हे वाक्य माझे. साहेबांनी पाठ थोपटली, आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

तांड्याच्या रस्त्याचा अर्ज नऊ वर्षे पडून होता. किनारा मात्र तीन आठवड्यांत मंजूर झाला. पाटी आली, लाटांवर उभे राहायची फळी आली, जीवरक्षकाची जागाही निघाली. अट एकच : तरंगण्याचे साधन स्वतःचे असावे. आर्णीचा सायकलवाला अय्यूब याच्याकडे ट्रकची जुनी ट्यूब होती. त्याची नेमणूक झाली.

"साहेब, पन मले पोहता येत नाई ना!" अय्यूब म्हणाला.

"पोहणं तक्त्यात कुठं आहे?" साहेब म्हणाले.

वैशाखात नियम आले. कासवांची अंडी फुटू नयेत म्हणून किनाऱ्यावर कोणीही वाळू खणू नये. त्याच दिवशी साहेबांनी उभे राहून झिरा बुजवून घेतला.

हंसाबाई घागर घेऊन धावत आली. "काहून बुजवून राह्यले, साहेब? लेकराईले काय पाजू मी?"

"बाई, हा समुद्रकिनारा आहे. समुद्राचं पाणी खारट. ते पिण्याजोगं नसतंच, मग तुमचं नुकसान काय झालं?"

"खारट? चाखून तं पाहा!" तिने घागरीतले उरलेले पाणी पुढे केले.

साहेब तांब्याभर पाणी गटागटा प्यायले. ऊनच तसे होते. मग तोंड पुसून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कसं आहे हो?"

मीही प्यालो. इतके गोड पाणी आमच्या घरच्या विहिरीलाही नाही. "किंचित खारट वाटतं, साहेब," मी म्हणालो. हंसाबाई माझ्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली. तरी मी पंचनामा लिहिला.

दुसऱ्या दिवसापासून तांड्याच्या बाया दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या. हिरासिंगने झिऱ्यासाठी अर्ज केला. तो मीच लिहून दिला, तेवढे पाप कमी व्हावे म्हणून.

इकडे यवतमाळला जिल्हा प्रदर्शन भरले. त्यात आमच्या किनाऱ्याचा मोठा फोटो लावला होता. वाळूत रोवलेली फळी, ट्यूब गळ्यात घातलेला अय्यूब आणि कोपऱ्यात हंसाबाईची रिकामी घागर. घागरीमुळे चित्राला शोभा आली, असे पुष्कळांनी बोलून दाखवले. आपल्या जिल्ह्यात समुद्र, या आनंदाने लोकांची नुसती रीघ लागली होती. बाहेर पडताना अभिप्रायाची वही होती. तिच्यात सगळ्यांनी सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी अर्जाचे उत्तर आले. मी ते तांड्यावर जाऊन वाचून दाखवले. 'सदर किनारा जतन व्हावा अशी एक हजार चारशे बारा नागरिकांची लेखी इच्छा असल्याने झिरा खणण्यास परवानगी देता येत नाही. सह्यांची नक्कल सोबत जोडली आहे.'

"हे कोन लोकं हायेत?" हंसाबाईने विचारले. तिचे ओठ फुटले होते. "येच्यातला एक तरी आला का इथं पाहाले?"

मी पाने चाळू लागलो. पहिली सही माझी होती. ती मी अंगठ्याखाली झाकली. वाचकहो, तुमची सातव्या पानावर आहे. 'अभिमान वाटला' असे लिहिले आहे तुम्ही. अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचे.