चला ना आमच्याबरोबर

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात कॉफी घेता घेता दत्ताने साहेबांना सहज सांगितलं, की जानेवारीत आम्ही नवराबायको युगांडाला चाललोय. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात हत्ती आहेत, जिराफ आहेत, आणि खडकाच्या अरुंद फटीतून कोसळणारी नाईल आहे. भूगोलाच्या पुस्तकातली नाईल एकदा डोळ्यांनी बघायची, ही दत्ताची शाळेपासूनची हौस. साहेब, म्हणजे ब्रुगमान, म्हणाले, "वा, छान." कुणी छान म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडून जे आपसूक निघतं, तेच निघालं. "चला ना आमच्याबरोबर."

यावर समोरच्याने "नको नको, तुम्ही जाऊन या" म्हणायचं असतं. पण ब्रुगमानांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी फोनमधलं कॅलेंडर उघडलं आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. त्या आठवड्यात मी मोकळा आहे." संध्याकाळपर्यंत त्यांची सपत्नीक तिकिटंही निघाली.

घरी बायकोने, नीलिमाने, कपाळाला हात लावला. "सुट्टीतसुद्धा साहेब? जिराफासमोर उभा राहून प्रोजेक्टचं स्टेटस देणारेस का तू?"

नाईलच्या काठी बसून डेडलाइनची चर्चा करायची, या कल्पनेनेच दत्ताची झोप उडाली. त्याने साहेबांना घाबरवायला सुरुवात केली. डास सांगितले, पीतज्वराची लस सांगितली, होड्या उलटवणारे पाणघोडे तर तिखटमीठ लावून सांगितले. ब्रुगमानांनी लगेच लस टोचून घेतली आणि येताना दत्तासाठीही मच्छरदाणी आणली. माणूस एवढा भला, की त्याला "येऊ नका" म्हणायची सोय नव्हती.

शेवटी दत्ताने हुकमाचा एक्का काढला. कामं फार तुंबली आहेत, मी सुट्टी रद्द करतोय, असं तो पडेल चेहऱ्याने म्हणाला. यजमानच येत नाही म्हटल्यावर पाहुणा कशाला जाईल, असा त्याचा हिशोब.

ब्रुगमानांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "आल्झो, तर मग एक बरं झालं. माझ्या जागी कुणाला बसवायचं, हाच प्रश्न होता."

दत्ता घरी आला तो पाय ओढतच. आपण दोघं पुढच्या वर्षी जाऊ, असं त्याने नीलिमाला समजावलं. ती म्हणाली,

"सुट्टी तुझी रद्द झाली, माझी कुठे झाली? मी ब्रुगमानबाईंशी बोललेय. त्या म्हणाल्या, अवश्य या."

जानेवारीत बाहेर पावसाची पिरपिर चालू असताना दत्ता साहेबांच्या खुर्चीत बसून साहेबांच्या मेल्सना उत्तरं देत होता. फोनवर फोटो आला. मागे पांढरीशुभ्र नाईल उसळत होती आणि पुढे हॅट घातलेली नीलिमा दोन्ही ब्रुगमानांच्या मधे उभी राहून पोट धरून हसत होती. दत्ताला तिचा हेवा वाटला, अगदी मनापासून. फोटोखाली तिने लिहिलं होतं:

"अरे, किती साधा माणूस आहे हा. आल्यापासून ऑफिसचा एक शब्द काढला नाही."