मेश्रामांची विनाशिका

“तापायला तिला फार वेळ लागायचा,” मेश्राम चहा पिता पिता सांगायचे. “आणि एकदा तापली की कोळसा पुरायचा नाही.”

नवीन पाहुणा चोरून त्यांच्या बायकोकडे बघायचा. सुलभाताई चिवड्याची बशी पुढं सरकवत म्हणायच्या, “बोटीचं सांगून राहिले ते. घाबरू नका.”

“बोट नाही. विनाशिका,” मेश्राम दुरुस्त करायचे.

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरात ते माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळ नागपूरचे, नोकरी सॉफ्टवेअरची. डच नौदलाच्या अगदी सुरुवातीच्या विनाशिकांपैकी एकीचा लाकडी नमुना त्यांनी कुठल्याशा संग्रहालयात पाहिला आणि तिथंच अडकले. चार धुराडी, निमुळतं अंग. तिची सारी कारकीर्द त्यांना तोंडपाठ. ऐकायला मात्र कोणी थांबत नसे, कारण तीत काही घडतच नाही. इथं बांधली, पूर्वेकडच्या बेटांवर धाडली, गस्त घातली, एकदा वाळूत रुतली, शेवटी तिथंच मोडीत निघाली. शत्रूवर एक गोळाही झाडला नाही.

“याला म्हणतात नोकरी,” मेश्राम म्हणत. कोणी बोलताना तिला चुकून मायदेशी परत आणलं, तर जेवण थांबवून सांगत, “पूर्वेला गेली ती परत आली नाही. नसलेलं सांगू नये.”

सुलभाताई भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या आणि साथीमुळं विमानं बंद झाली. मेश्रामांचं ऑफिस घरी आलं. “मला राखीव ताफ्यात टाकलं,” ते बाल्कनीतून वर बघत म्हणाले. पुढं ताईंचं तिकीट दोनदा रद्द झालं. तिसरं काढलं तेव्हा त्या इस्पितळात होत्या.

मेश्राम दुपारी बाल्कनीत बसून फोन लावत. आवाज मोठा ठेवलेला. ताईंचा श्वास वरपर्यंत ऐकू येई.

“बोटीचं सांगा,” एकदा त्या म्हणाल्या. “झोप तरी येईल.”

त्यांनी सांगितलं. बेटं, गस्त, वाळू. मग थांबले. पुढं फक्त मोडीत निघणं उरलं होतं.

“मग तिला परत यायचा हुकूम आला,” मेश्राम म्हणाले.

मी वर कुंड्यांना पाणी घालत होतो. हात थांबला.

दुसऱ्या दिवशी ताईंनीच विचारलं, “कुठं पोचली?”

“कोलंबो. कोळसा भरून राहिली.”

एडनला वाफेची नळी फुटली. सुएझला गर्दी लागली. माल्टात तिला नवा रंग दिला. “इतकं काय नटून राहिली तुमची बाई?” ताई म्हणाल्या. हसायला गेल्या आणि खोकतच राहिल्या.

जिब्राल्टरनंतर प्रश्न येईनासा झाला. तिकडे नर्स फोन कानाशी धरायची, इकडे मेश्राम सांगत राहायचे. मग एका दुपारी बाल्कनी रिकामी होती. अंत्यसंस्कार त्यांनी मोबाइलवर पाहिले.

त्यानंतर ते मला लिफ्टपाशी भेटले. एका वेळी एकानंच जायचं, असा कागद दारावर होता. “तुम्ही जा.” “नाही, तुम्ही.” दोघंही दीड मीटर अंतर राखून उभे राहिलो. लिफ्ट रिकामीच वर गेली.

“लिस्बन ओलांडलं होतं,” मेश्राम म्हणाले. “थोडंच पाणी कापायचं राहिलं होतं.”

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

“नसलेलं सांगू नये,” ते म्हणाले. “ती परत आलीच नाही.”

घाबरू नका, बोटीचं सांगून राहिले ते, असं म्हणणारं आता कोणी नव्हतं.