आंबट सुई

“झाडाच्या पानाला सुई म्हणायला शिकवू नकोस हं पोरीला! घरात माझ्या शिवणाच्या सुया आहेत, कधीतरी घोटाळा होईल!” सासूबाईंनी बजावलं होतं.

“अहो आई, त्या पानांना सुयाच म्हणतात!” भिंगरीच्या आईने ते उडवून लावलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई ती! तिने चंगच बांधला होता: शाळेत जायच्या आत आपली लेक आसपासचं एकूण एक झाड नुसत्या पानावरून ओळखणार!

तशी आई भलती काळजीखोर. भिंगरी शिंकली, की हिच्या डोळ्यांसमोर थेट अँब्युलन्स!

त्या दिवशी मायलेकी बागेतून पिशवीभर पानं घेऊन आल्या. आईने दूध तापत ठेवलं, तोच भिंगरी ओठ पुसत आली.

“आई, मी सुई खाल्ली!”

झालं! दूध उतू गेलं, आईचं काळीज त्याच्याही आधी. सासूबाई शिवणाच्या डब्याकडे धावल्या आणि तिथूनच किंचाळल्या, “अगंबाई, मोठी सुई नाहीये गं!”

बाबा एका पायात मोजा घालून बाहेर आले. “पण सुई कशाला खाईल ती?”

“चौकशी नंतर! आधी गाडी काढ!” आई ओरडली.

दवाखान्यात छाती-पोटाचा एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाच्या काचेवर लावला. “सुईबिई काही नाही.”

“मग गेली कुठे? विरघळली?” आईला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. “कशी लागली गं सुई?”

“आंबट! हिरवी होती ना!” भिंगरीने फ्रॉकच्या खिशातून मूठभर सुया काढल्या. झाडाच्या!

सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं! बाबांना हसू आवरेना. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

“थांबा. असल्या पानांचं एक झाड फार विषारी असतं. हे कुठलं?”

आईच्या डोक्यातलं अख्खं वनस्पतिशास्त्र चिमणीसारखं भुर्रकन उडालं! डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून सुया त्या उजेडावर धरल्या.

“आई, बघ ना! दोघी एकाच मोज्यात!” भिंगरी म्हणाली.

आईने डोळे पुसले. दोन लांब, कोवळ्या सुया, आणि बुडाशी दोघींना धरून ठेवणारं कागदासारखं तपकिरी वेष्टण. सकाळी तिनेच ‘मोजा’ म्हणून दाखवलेलं. त्या विषारी झाडाची पानं चपटी, आखूड, डहाळीवर सुटी सुटी.

“पाइन! पाइनच आहे हो!”

“मग घाबरू नका. पण यापुढे कुठलंच पान तोंडात नाही, काय?”

“नाही!” म्हणत भिंगरीने उरलेली पानंही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी मेपलचं एक पान काचेवर टेकवलं आणि सगळे पुढे सरकले! मघाशी जिथे लेकीच्या बरगड्या उजळल्या होत्या, तिथे आता पान उजळलं होतं. देठातून पाच शिरा, त्यांतून आणखी, त्यांतून केसाएवढ्या, थेट काठापर्यंत. रोज पायाखाली येणाऱ्या पानात एवढं मांडून ठेवलेलं! आई श्वास घ्यायची विसरली. नर्सबाई पुढच्या पेशंटला बोलवायचं विसरल्या.

“पानांनाही हाडं असतात होय गं?” सासूबाई कुजबुजल्या.

“शिरा, आजी!”

घरी येताना रस्त्यातलं प्रत्येक झाड आईला नव्याने दिसत होतं. सासूबाईंना मात्र एकच घोर. “सगळं खरं, पण माझी मोठी सुई कुठे गेली?”

“सापडेल गं आई,” म्हणत बाबा आरामखुर्चीत बसले. “हुश्श!”

त्या हुश्शची किंकाळी झाली!

सकाळी मोबाइलचं सिम काढायला त्यांनीच ती घेतली होती, आणि काम झाल्यावर खुर्चीच्या गादीत टोचून ठेवली होती. एक्स-रे न काढता सापडली!

आता तिघी पुन्हा पानं गोळा करायला गेल्यात. बाबा घरात एकटेच आहेत, खिडकीशी उभ्याने चहा पीत. त्या बाजूने जाणार असाल तर जरा डोकावून या हो, बसले का ते!